सहावीचा अपूर्णांक आणि 'परख'चा अहवाल: क्रमांकाच्या पुढचं पान कोणी उघडलं का?

पाटीपेन्सिल

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पदवीधर शिक्षिका आहे. सहावी ते आठवीचं गणित माझ्याकडे असतं. ४ डिसेंबर २०२४ ला देशभर 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' झालं आणि जुलै २०२५ मध्ये त्याचे निकाल आले. तेव्हापासून केंद्राच्या (जवळच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, तालुक्याच्या बैठकीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर एकच विषय: आपला जिल्हा कितवा आला? अहवालात याहून कितीतरी मोलाचं काही आहे आणि ते कुणी बघत नाही, म्हणून हा धागा काढला.

ज्यांचा शाळेशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. याचं आधीचं नाव राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. आम्ही सगळे त्याला 'नॅस' म्हणायचो. २०१७ साली १३ नोव्हेंबरला तिसरी, पाचवी, आठवीची मुलं तपासली गेली. २०२१ साली १२ नोव्हेंबरला त्यात दहावी आली. २०२० च्या शैक्षणिक धोरणात मूल्यमापनासाठी एक स्वतंत्र केंद्र सुचवलं होतं, ते 'परख' या नावाने २०२३ मध्ये एनसीईआरटीत सुरू झालं. २०२४ चं सर्वेक्षण त्यांनी घेतलं आणि इयत्ता बदलून तिसरी, सहावी, नववी केल्या. ७८१ जिल्हे, ७४ हजारांवर शाळा, २१ लाखांवर मुलं. मुलांच्या चाचणीबरोबर शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनीही प्रश्नावली भरली.

देशाची सरासरी अशी: तिसरीत भाषा ६४ टक्के, गणित ६०. सहावीत भाषा ५७, गणित ४६. नववीत भाषा ५४, गणित ३७, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र प्रत्येकी ४०. मूल वरच्या वर्गात जातं तसं गणित मागे पडत जातं. नेमकं कुठे मागे पडतं, ते क्षमतावार तक्त्यात दिलेलं आहे. सहावीच्या तक्त्यात अर्धा, पाव असे नेहमीचे अपूर्णांक दाखवता-ओळखता येणं या क्षमतेपुढे २९ टक्के लिहिलंय. चार मूलभूत क्रिया, त्यांचा एकमेकींशी संबंध आणि १० पर्यंतचे पाढे यापुढे ५३.

मी २९ हा आकडा पाहिला आणि मला माझा जूनमधला वर्ग दिसला. सहावीचा नवा वर्ग आला की मी वहीत एक आयत काढून त्याचे चार समान भाग करायला सांगते. बरीच मुलं चार उभ्या रेघा मारतात आणि भाग होतात पाच. काहींचे भाग चारच असतात, पण एक बोटभर आणि दुसरा त्याच्या दुप्पट. त्यातला कुठलाही एक रंगवून खाली १/४ लिहितात. १/२ मोठा की १/४, असं विचारलं की उत्तर १/४, कारण ४ मोठे. संख्यारेषेवर ३/४ दाखव म्हटलं की बोट ३ आणि ४ च्या मधे जाऊन थांबतं. ही मुलं मंद नाहीत. त्यांच्या दृष्टीने ३/४ म्हणजे वर एक आकडा आणि खाली एक आकडा. दोन्ही मिळून एकच संख्या होते, हे त्यांना कधी हाताने करून बघायला मिळालेलं नाही.

आणखी एक गोष्ट बैठकीत कुणी बोलत नाही. नव्या धोरणात पहिली-दुसरीपर्यंत पायाभूत टप्पा, तिसरी ते पाचवी पूर्वतयारीचा, सहावी ते आठवी मधला. टप्पा संपला की पुढच्या इयत्तेत मुलाला तपासायचं, म्हणून तिसरी, सहावी, नववी. म्हणजे सहावीच्या निकालात तिसरी ते पाचवीचं शिक्षण मोजलं जातं. तरी आमच्याकडे खुलासा मागितला गेला तो सहावीच्या वर्गशिक्षकाकडे.

सर्वेक्षणाआधी काय चालतं तेही सांगते. तिसरी, सहावी, नववी या तीन वर्गांना सराव प्रश्नपत्रिकांचा रतीब. ओएमआरवर (यंत्राने तपासायच्या उत्तरपत्रिकेवर) गोल कसा काळा करायचा याच्या तासिका. चौथी, पाचवी, सातवीकडे त्या काळात लक्ष द्यायला माणूस नाही. त्यात २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभा निवडणूक, २० तारखेला मतदान, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणात आणि मतदान केंद्रावर. अशा शाळेत ४ डिसेंबरला जे मोजलं जातं, त्यात शिकणं किती आणि सराव किती?

माझं म्हणणं एवढंच आहे. असं सर्वेक्षण हवंच, पण ते व्यवस्थेला आरसा म्हणून. जिल्ह्यांची शर्यत लावली की ते खरं बोलणं सोडून देतं, आणि शिक्षकाच्या कामाचा जो भाग असतो, कुठली क्षमता कुठे अडली तो, बैठकीच्या गोंधळात हरवतो. तुमच्याकडे काय अनुभव आहे? शिक्षक, पालक, आकडेवाले, सगळ्यांनी लिहा.

डीएडची_वही

ताई, मी डी.एल.एड.ला (शिक्षक पदविकेला) असताना क्षेत्रीय अन्वेषक म्हणून, म्हणजे शाळेत जाऊन चाचणी घ्यायला, गेले होते, म्हणून खोलीतलं चित्र सांगते. डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) प्रशिक्षण झालं. शाळा परक्या केंद्रातली दिली. सीलबंद पाकीट मुख्याध्यापकांसमोर उघडायचं. वर्गात ३० पेक्षा जास्त मुलं असली तर हजेरीपटावरून ठरलेल्या पद्धतीने ३० निवडायची, शिक्षक सुचवतील ती घ्यायची नाहीत.

तिसरीच्या मुलांना प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायचे असतात. मुलं पुस्तिकेतच खूण करतात, ओएमआर नंतर आपण भरायचं. एका चिमुरडीने सगळ्या प्रश्नांना पहिल्याच पर्यायावर गोल केला होता. मी विचारलं तर म्हणाली, "बाईंनी सांगितलंय एकही रिकामं ठेवायचं नाही." मला काही बोलता येत नव्हतं, नियमच तसा आहे. तिला वाचता येत नसेल, की येत असूनही ती घाबरली असेल? त्या ओएमआरवरून हे कुणालाच कळणार नाही.

आणखी एक. खिडकीत वर्गशिक्षक उभे होते. ते काही सांगत नव्हते, नुसते उभे होते. पण मुलं प्रत्येक प्रश्नाला खिडकीकडे बघायची. मी त्यांना विनंती केली तेव्हा ते बाजूला झाले, पण मला त्यांचा राग आला नाही. मुलांपेक्षा तेच जास्त घाबरलेले दिसत होते.

सांख्यिक

धागा आवडला. माझा व्यवसाय आकड्यांचा, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

२९ टक्क्यांबद्दल आधी. हे प्रश्न चार पर्यायांचे असतात. डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी २५ टक्के बरोबर येतात. म्हणजे २९ चा अर्थ 'शंभरात २९ मुलांना येतं' असा घेणंही धोक्याचं आहे. बहुतेक मुलांनी अंदाजाने खूण केली असली तरी आकडा याच्या आसपासच आला असता. तुमच्या वर्गातल्या चार रेघा आणि पाच भाग हा त्या आकड्यापेक्षा चांगला पुरावा आहे, कारण त्यात मूल काय विचार करतंय ते दिसतं.

दुसरं, नमुना पाहणीचं तत्त्व साधं आहे: शितावरून भाताची परीक्षा. पण शीत उचलताना पातेलं ढवळलेलं हवं. शाळेत त्या दिवशी हजर असलेल्या मुलांतून नमुना घेतला, तर गैरहजर मुलं पातेल्यातच नाहीत. आणि आधीच दोन महिने नेमक्या त्याच इयत्तांना घोटवलं असेल, तर उरलेल्या इयत्तांविषयी तो नमुना काहीच सांगत नाही.

तिसरं, 'मागच्यापेक्षा सुधारलो की घसरलो' हे सांगणं जवळपास अशक्य करून ठेवलंय. २०१७ चे निकाल टक्केवारीत, २०२१ चे ५०० च्या मापनश्रेणीवर, २०२४ चे पुन्हा टक्केवारीत. इयत्ता बदलल्या. सर्वेक्षण दर काही वर्षांनी घेण्याचा मुख्य उपयोग तुलना हा असतो, आणि तीच दर वेळी तुटते.

चौथं, ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी. डग जॉन्सन आणि आंद्रेस परादो यांनी २०२१ मध्ये नॅस, असर (घरोघरी जाऊन होणारी पाहणी) आणि आणखी एक स्वतंत्र पाहणी यांचे आकडे शेजारी ठेवून शोधनिबंध लिहिला. निष्कर्ष असा की नॅसच्या राज्यवार सरासऱ्या फुगलेल्या दिसतात आणि राज्यांचा आपसातला क्रम सांगायला त्यांचा फारसा उपयोग नाही. अभिजित सिंग यांनी मध्य प्रदेशातल्या शासकीय चाचणीची फेरतपासणी केली. तीच मुलं, तेच प्रश्न, फक्त चाचणी घेणारे बाहेरचे. गुण बरेच खाली आले. आंध्र प्रदेशात मात्र टॅबलेटवर चाचणी घेतल्यावर ही फुगवट मोठ्या प्रमाणात कमी झाली. म्हणजे हा दोष दूर करता येतो.

जुना_केंद्रप्रमुख

मी निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो आणि थोडं विरोधात लिहितो.

सराव वाईट, क्रमांक वाईट, असं सरसकट म्हणू नका. मी शिक्षक झालो तेव्हा कुठल्या शाळेतल्या कुठल्या मुलाला वाचता येत नाही हे विचारायची पद्धतच नव्हती. पुढे शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं, त्यामुळे दहावीच्या निकालापर्यंत सगळं झाकलेलं. २०१५ मध्ये राज्याचं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' अभियान आलं, पायाभूत चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा पहिल्यांदा मी माझ्या केंद्रातल्या प्रत्येक शाळेत मुलांना एकेक करून वाचायला लावलं. २०१७ च्या नॅसआधी अध्ययन निष्पत्तीचे, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याचे, तक्ते वर्गात लागले. कित्येक शिक्षकांनी तोवर त्या वाचलेल्याही नव्हत्या. 'धडा शिकवून झाला' यावरून 'मुलाला काय आलं' यावर बोलणं आलं, ते या आकड्यांच्या धाकानेच.

जिल्ह्याचा क्रमांक खाली आला म्हणून काही ठिकाणी निधी मिळाला, साहित्य मिळालं, रिक्त जागा भरल्या गेल्या. हे मी पाहिलंय. आकडाच काढला नाही तर मंत्रालयात तुमच्या शाळेकडे कोण बघणार?

पाटीपेन्सिल

सर, तुमच्या मुद्द्याशी माझं भांडण नाही. अध्ययन निष्पत्तींचा तक्ता माझ्याही वर्गात आहे आणि तो उपयोगाचा आहे. पण तुम्ही जे केलंत, एकेका मुलाला वाचायला लावलंत, ते आणि ओएमआर सराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही मुलापर्यंत पोचलात. आता मुलाच्या जागी गोल आलाय.

धाकाने काम होतं हे खरं. पण धाक लागला की मापन बिघडतं. @डीएडची_वही यांनी सांगितलेला खिडकीतला शिक्षक आठवा. आकडा मंत्रालयाला हवा असेल तर जरूर काढा, पण परक्या माणसांनी येऊन, न सांगता, कुठल्याही इयत्तेत. आम्हाला हवी असते ती क्षमतांची यादी, तीसुद्धा शिक्षकांना खुलासे लिहायला न लावता.

उसाचा_फड

@सांख्यिक, तुमच्या गैरहजर मुलांच्या मुद्द्यावर माझ्याकडे सांगायला खूप आहे. बीड जिल्ह्यातला शिक्षक.

सर्वेक्षणाच्या तारखा बघा. १३ नोव्हेंबर, १२ नोव्हेंबर, ४ डिसेंबर. २०२३ चं राज्यस्तरीय सर्वेक्षणसुद्धा ३ नोव्हेंबरला. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात, दिवाळीनंतर गाव रिकामं. गाळप हंगाम सुरू झाला की आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि ज्यांना ठेवायला आजी नाही ती मुलंही कोयत्याबरोबर. हंगामी वसतिगृहं आहेत, त्यामुळे काही मुलं गावात राहतात, पण सगळी नाही. मुलींना तर धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून हमखास नेतात.

म्हणजे ज्या दिवशी देश मोजतो की तिसरीच्या मुलाला काय येतं, त्या दिवशी आमच्या तालुक्यातली सगळ्यांत मागे पडणारी मुलं मोजदादीत नाहीत. ती एप्रिलमध्ये परत येतात. हजेरीपटावर नाव आहे, पुढच्या वर्गात जातात, आणि सहावीत तुमच्यासमोर बसतात, १/४ मोठा म्हणत.

माझी साधी मागणी आहे. निदान स्थलांतराच्या जिल्ह्यांत हे सर्वेक्षण ऑगस्टमध्ये घ्या. आकडा खाली येईल, येऊ दे.

ठाणेकर_बाबा

माझा मुलगा नववीत होता, त्याची शाळा निवडली गेली होती. खाजगी, इंग्रजी माध्यम. आम्ही पालक गुण विचारायला गेलो तर सांगितलं, वैयक्तिक निकाल नसतो. मग मुलाला वेळ द्यायला लावून उपयोग काय? शाळेचा तरी निकाल कळायला हवा. फी भरतो आम्ही.

सांख्यिक

@ठाणेकर_बाबा, वैयक्तिक निकाल नाही तेच बरोबर आहे. सगळ्या मुलांना तीच प्रश्नपत्रिका नसते. प्रश्नांचे वेगवेगळे संच असतात, तुमच्या मुलाला आला तो त्यातला एक. सगळे संच एकत्र करून जिल्ह्याचं चित्र तयार होतं. असं केलं की थोड्या वेळात जास्त अभ्यासक्रम तपासता येतो, पण एका मुलाविषयी विश्वासाने काही सांगता येत नाही. शाळेचंही तेच, जास्तीत जास्त ३० मुलांवरून शाळेवर शिक्का मारू नये.

मुलाचा निकाल हवा असेल तर त्याच्या वर्गशिक्षकांना भेटा. ही चाचणी त्याच्यासाठी नव्हतीच.

बॉस्टनकर

इथली पद्धत सांगतो, तुलना म्हणून. अमेरिकेत १९६९ पासून असं राष्ट्रीय मूल्यमापन होतं, लोक त्याला देशाचं प्रगतिपुस्तक म्हणतात. आता मुख्यतः चौथी आणि आठवी, काही वेळा बारावी. माझ्या मुलीला चौथीत आलं होतं. चाचणी घेणारी माणसं बाहेरून आली, उपकरणंही त्यांचीच. शाळेने आधी काही तयारी करून घेतली नाही, निकाल आम्हाला नाही आणि शाळेलाही नाही. फक्त राज्य आणि काही मोठ्या शहरांचा निकाल.

त्यामुळेच असेल, कोविडनंतर आठवीचं गणित २०१९ च्या तुलनेत ८ गुणांनी घसरलं हे २०२२ मध्ये स्वच्छ बाहेर आलं. कुणाला लपवायचं कारणच नव्हतं. पाटीपेन्सिल ताईंना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट: वापरून झालेले काही प्रश्न संकेतस्थळावर मोकळे करतात, सोबत मुलांनी लिहिलेली प्रत्यक्ष उत्तरं आणि ती कशी तपासली तेही. शिक्षक ते प्रश्न आपल्या वर्गात वापरतात. सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही, २०२४ मध्ये वाचनाचे आकडे आणखी खाली गेले. पण घसरण दिसते तरी.

सातपुडा

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी (धडगाव) तालुक्यातून लिहितोय. भाषेच्या आकड्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

माझ्या तिसरीच्या वर्गात घरी मराठी बोलणारं एकही मूल नाही. पावरी बोलतात, काही भिलोरी. २०२१ चं नॅस २२ भाषांत झालं असं अभिमानाने सांगितलं गेलं, त्यात पावरी नव्हती आणि असणारही नव्हती. तेव्हा काय झालं होतं आठवतं का? आपल्याकडे ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबरला सुरू झाले होते. पहिली ते चौथी १ डिसेंबरला उघडली. आणि नॅस १२ नोव्हेंबरला! म्हणजे तिसरीचं मूल दुसरीत शाळेत आलं नाही, पहिलीचं शेवटचं काही शिकलं नाही, आणि शाळा अधिकृतपणे उघडायच्या आधी त्याला परीक्षेला बोलावलं. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली, एसटीचा संप चालू. अन्वेषक म्हणून आलेली मुलं-मुली जीप बदलत बदलत डोंगर चढून आली.

मी मुलांना एक-दोन वाक्यं पावरीतून समजावली. ते नियमात बसतं की नाही मला माहीत नाही. प्रश्नात घसरगुंडीचं चित्र होतं. आमच्या पाड्यावर घसरगुंडी नाही, मुलांनी ती कधी पाहिलेली नाही. आकडा आला तेव्हा 'आदिवासी जिल्हा मागे' असं छापून आलं. गणिताचा तोंडी प्रश्न पावरीत विचारला की हीच मुलं झटकन उत्तर देतात. त्यांची भाषा मोजली गेली की गणित, हे तुम्हीच सांगा.

मार्च २०२२ मध्ये तिसरीचा जो पायाभूत अध्ययनाचा अभ्यास झाला, त्यात एकेका मुलासमोर बसून वाचून घेतलं होतं. ती पद्धत मला योग्य वाटते. खर्च जास्त, वेळ जास्त, पण मूल समोर दिसतं.

बाजारहाट

@पाटीपेन्सिल, अपूर्णांकाच्या मुद्द्यावर एक जोडतो. २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि इतरांचा शोधनिबंध आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं त्यांनी तपासली. ८०० ग्रॅम बटाटे, १ किलो ४०० ग्रॅम कांदे, वेगवेगळे भाव, आणि नोटेतून परत किती, हे मुलं कागदाशिवाय तोंडी बरोबर सांगत. तोच हिशोब शाळेच्या गणितासारखा मांडला की अडत. उलट फक्त शाळेत जाणारी मुलं कागदावर बरी, पण बाजारातल्या हिशोबात अडणारी.

आमच्या आठवडी बाजारात हे दर आठवड्याला दिसतं. सव्वा किलो, पाऊण किलो, अडीच पाव, मुलगी पटापट तोलते आणि पैसे सांगते. शाळेत तिलाच १/४ समोर ठेवलं की गप्प. म्हणजे अपूर्णांक तिच्याकडे आहे, फक्त कागदावरच्या खुणेशी तो कुणी जोडून दिलेला नाही. ओएमआरवर हे दिसत नाही. तिथे ती २९ टक्क्यांच्या बाहेरचीच.

जुना_केंद्रप्रमुख

हे वाचून मलाही विचार करावा लागला. तरी एक विचारतो. 'असर' तर तुम्हाला मान्य असेल? ते घरी जातात, शाळेत नाही. मग शासनाच्या सर्वेक्षणाची गरजच काय?

सांख्यिक

'असर'ची ताकद वेगळी आहे, सर. 'प्रथम' संस्था २००५ पासून करते. जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं, मुलासमोर बसून तोंडी. म्हणून गैरहजर मूलही सापडतं, आणि चाचणी तीच राहते म्हणून वर्षांची तुलना होते: अक्षर, शब्द, परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, मग हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एका अंकाने भाग. २०२४ मध्ये देशभरात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के दुसरीची गोष्ट वाचू शकली. २०२२ मध्ये हेच १६.३ होतं. कोविडच्या खड्ड्यातून वर येणं यात दिसतं. पाचवीत भागाकार मात्र अजून ३०.७ टक्क्यांवर, सरकारी-खाजगी मिळून.

पण ते फक्त ग्रामीण. मुंबई, पुणे, नागपूर त्यात नाहीत. विज्ञान, परिसर, सामाजिक शास्त्र नाही. अपूर्णांक नाही. नववीत मुलाला काय समजतं ते कळत नाही. म्हणून दोन्ही हवीत. 'परख'मधून एक नवीन गोष्ट कळली ती बघा: तिसरीत ग्रामीण मुलं भाषा आणि गणित दोन्हीत शहरी मुलांपेक्षा पुढे, आणि सहावी-नववीत शहरी पुढे. हे 'असर' सांगूच शकत नाही. आणि यावर आपल्याकडे एकही बैठक झाल्याचं मी ऐकलं नाही.

उसाचा_फड

तिसरीपर्यंत गावची शाळा पुढे, मग मागे. आमच्याकडे याचं कारण डोळ्यांसमोर आहे. चौथीपर्यंत शाळा वस्तीवर. पाचवीपासून दुसऱ्या गावात, तीन-चार किलोमीटर. विषयशिक्षकाची जागा रिकामी. विज्ञानाची खोली म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाचं कोठार.

ठाणेकर_बाबा

एवढं सगळं वाचल्यावर वाटतं, आंतरराष्ट्रीय चाचणीतच उतरावं. तिथे तरी हातचलाखी होणार नाही.

सांख्यिक

उतरलो होतो. 'पिसा' ही पॅरिसच्या ओईसीडी संघटनेची पंधरा वर्षांच्या मुलांसाठीची आंतरराष्ट्रीय चाचणी. तिच्या २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश होते. ७४ जणांत ७२ वा आणि ७३ वा क्रमांक, खाली फक्त किर्गिझस्तान. त्यानंतर 'प्रश्न आपल्या मुलांच्या परिसरातले नाहीत' म्हणून देश बाहेर पडला. पुढे चंदीगड, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयं घेऊन पुन्हा जायचं ठरलं, ते कोविडनंतर राहून गेलं. परिसराची तक्रार पूर्ण खोटी नव्हती. @सातपुडा यांची घसरगुंडी हीच तक्रार आहे, फक्त ती दिल्लीबद्दल धडगावहून केलेली. दिल्लीने पॅरिसबद्दल केली ती ऐकली गेली.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. माझ्या डोक्यात आता बऱ्याच गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत.

@जुना_केंद्रप्रमुख सर, तुमच्या जुन्या ओळखी आहेत, एक मदत हवी आहे. आमच्या पुढच्या शिक्षण परिषदेत जिल्ह्याचा क्रमांक न वाचता जिल्ह्याचा क्षमतावार तक्ता छापून द्यावा, आणि तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांना सहावीच्या शिक्षकांशेजारी बसवावं, एवढं तुम्ही सुचवू शकाल का? सहावीत अडलेला अपूर्णांक चौथीत दुरुस्त करायचा तर आम्ही एकत्र बसलो पाहिजे. आज आम्ही एकमेकांकडे बोट दाखवतो.

@बाजारहाट, तुमच्या प्रतिसादावरून मी एक करून बघितलं. वर्गात तराजू आणला. आधी पाव किलो शेंगदाणे तोलायला लावले, मग किलोभर शेंगदाण्यांचे चार समान ढीग करून एकेक ढीग तोलला. मग त्याच ढिगाखाली १/४ ची चिठ्ठी ठेवली. मग दोन ढीग एकत्र केले आणि विचारलं, आता कुठली चिठ्ठी? एक मुलगा म्हणाला, "२/४." दुसरी म्हणाली, "नाही, अर्धा किलो." दोघांचं भांडण लागलं आणि वर्गाने ते तराजूवर सोडवलं. १/४ मोठा की १/२, हा प्रश्न मला विचारावाच लागला नाही. संख्यारेषा अजून बाकी आहे, तिथे कागदाची पट्टी दुमडून बघणार आहे.

@सातपुडा सर, मूल्यमापनाचे तोंडी प्रश्न पावरीत कुणी लिहून ठेवले आहेत का? तुमच्याकडे असतील तर इथे टाका.

सातपुडा

लिहून ठेवलेले नाहीत, पण पाच-सहा प्रश्न आम्ही शिक्षक नेहमी वापरतो. गणिताचे आहेत, वजाबाकी आणि वाटणीचे. शनिवारी बाजारातून आलो की देवनागरीत लिहून टाकतो. पाड्यावरच्या एका आजीकडून शब्द तपासून घेईन, कारण वाटणीसाठी इकडे आणि शहाद्याकडे वेगळा शब्द वापरतात.

जुना_केंद्रप्रमुख

पाटीपेन्सिल ताई, गटशिक्षणाधिकाऱ्यांशी बोलतो. क्षमतावार तक्ता डाएटकडे असतो, तो मिळवून देतो. चौथीच्या शिक्षकांना बोलवायचं काम मात्र तुम्हीच करा, माझ्या सांगण्याने ते खुलासा मागायलाच बोलावलंय असं समजतील.